त्वचा एकटी वाढत नाही : प्रयोगशाळेतल्या कातडीचा इतिहास

(अंबड, नाशिक इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



'टिश्यू कल्चर' हा शब्द आपल्या भागात कुणाला नवा नाही. शेतकऱ्याच्या घरात तो म्हणजे केळीची रोपं. ट्रेमधून येतात, सगळी एका उंचीची, एका वयाची. मूळ झाडाचा छोटासा भाग घ्यायचा, काचेच्या बाटलीत पोषकद्रव घालून त्यावर ठेवायचा, आणि त्यातून अख्खं रोप उभं राहतं. आज आपण याच शब्दाचा दुसरा अर्थ बघणार आहोत. माणसाच्या कातडीचा नखाएवढा तुकडा काढायचा, तो बशीत वाढवायचा, आणि वाढलेली कातडी त्याच माणसाच्या अंगावर परत लावायची. हे खरोखर होतं. पण केळीइतकं ते सोपं नव्हतं. तिथपर्यंत पोचायला माणसाला फार वळसे घ्यावे लागले.

हा विषय अंबडमध्ये कशाला, असं कुणी विचारेल. तर इथे समोर बसलेल्यांतले बरेच जण कारखान्यात काम करतात. ओतकामातला वितळलेला धातू, वेल्डिंग, पॅनेल उघडताना झालेला स्पार्क, आणि घरी गेलं की गॅसची शेगडी. भाजणं म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण भाजलेल्या माणसाच्या अंगावर नवी कातडी येते कुठून, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज तोच धरून चालू.

आधी थोडं शरीराबद्दल. कातडीचे मुख्य थर दोन. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. खालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा, त्यात रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं. बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी पेशींची एक रांग असते. ती सतत नव्या पेशी तयार करते, त्या हळूहळू वर सरकतात, कठीण होतात आणि शेवटी गळून पडतात. साधारण महिनाभरात वरचा थर बदललेला असतो. वरवर भाजलं तर तळाची ही रांग, किंवा केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी, शिल्लक राहतात आणि जखम आपोआप भरते. खोल भाजलं तर बियाणंच जळून जातं. मग जखम फक्त कडेने, मिलिमीटर-मिलिमीटरने भरत येते. तोवर उघड्या अंगातून पाणी जात राहतं आणि जंतू आत येत राहतात. यावर शल्यचिकित्सकाचा उपाय असा, की मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढायचा आणि जखमेवर लावायचा. पण अंगाचा ऐंशी-नव्वद टक्के भाग भाजला असेल तर? पापुद्रा काढायचा कुठून? आजची सगळी गोष्ट या एका अडचणीपोटी घडली आहे.

गोष्टीची सुरुवात आपल्याच मुलखात करू. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र आणि चित्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठी माणूस इंग्रज फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा नमुना करून तो कपाळावर पसरला, त्या मापाची कातडी कापली, आणि ती फिरवून खाली नाकाच्या जागी बसवली. दोन भुवयांच्या मधला जोड मात्र कापला नाही. तिथून रक्तपुरवठा चालू राहिला. नवी जागा धरल्यावरच तो जोड तोडला. पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने ही पद्धत वापरली आणि तिथून ती युरोपभर गेली.

नाशिककरांना यातलं मर्म पटकन कळेल. द्राक्षाचं कलम डॉगरिजच्या खुंटावर बांधताना आपण नेमकी हीच काळजी घेतो. डोळा जिवंत राहायला खुंटाचा रस मिळायला हवा. पुण्याच्या त्या कारागिराला पेशी म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण कातडी एकटी पडली की मरते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

जोड पूर्ण तोडूनही कातडी जगवता येते, हे १८६९ मध्ये पॅरिसमध्ये झाक रेव्हर्डां याने दाखवलं. त्याने कातडीचे बारीक ठिपके जखमेवर पेरले आणि ते धरले. १८७४ मध्ये जर्मनीत कार्ल थिअर्श याने पातळ पापुद्रे लावले. कातडी इतकी पातळ असली की पहिले दोन-तीन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरते, मग तिच्यात खालून रक्तवाहिन्या शिरतात. आता पुढचा प्रश्न ओघानेच आला. कातडी पाझरावर दोन दिवस जगते, तर तो पाझर बाटलीत भरून ठेवला तर? १८९८ मध्ये स्वीडनच्या ल्युंग्ग्रेन याने माणसाच्या कातडीचे तुकडे पोटात साठलेल्या द्रवात ठेवले आणि काही काळाने परत लावले. त्यातले काही जगले. शरीराबाहेर जगवलेली कातडी परत लावल्याचा हा फार जुना दाखला. पण ती नुसती जगली होती. वाढली नव्हती.

शरीराबाहेर पेशी वाढताना डोळ्यांनी बघितली ती १९०७ मध्ये, अमेरिकेत. रॉस हॅरिसन याने बेडकाच्या भ्रूणातला मज्जातंतूचा कण लसिकेच्या थेंबात लटकवून ठेवला, आणि त्यातून तंतू फुटून लांब होत गेलेला पाहिला. पाठोपाठ अलेक्सी कॅरेल याने कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातल्या पेशी वाढवल्या. खाद्य काय, तर कोंबडीच्या रक्तातला द्रव आणि भ्रूण वाटून काढलेला अर्क. म्हणजे पुन्हा तेच. पेशीला जगायचं तर दुसऱ्या कुठल्यातरी जिवाचा रस हवा.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांमुळे हा प्रश्न इंग्लंडमध्ये ऐरणीवर आला. पीटर मेदावार हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ त्यावर कामाला लागला. १९४१ मध्ये त्याने ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य वापरून माणसाची बाह्यत्वचा खालच्या थरापासून अलगद सोडवून दाखवली. १९४३ मध्ये ग्लासगोच्या टॉमस गिब्सन या शल्यचिकित्सकाबरोबर त्याने भाजलेल्या एका बाईवर तिच्या भावाची कातडी लावली. काही दिवसांनी ती गळून पडली. दुसऱ्यांदा लावली, तर पहिल्यापेक्षा लवकर गळाली. शरीर परक्या कातडीला ओळखतं आणि लक्षात ठेवतं, हे त्यातून समजलं. या दिशेच्या कामासाठी पुढे १९६० चं नोबेल त्याला विभागून मिळालं. पण भाजलेल्या माणसापुरता अर्थ कडवा होता. कायमची कातडी हवी तर ती स्वतःचीच हवी. आणि स्वतःची तर उरलेली नाही.

इथे गोष्ट परत मुंबईला येते. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर विकृतिशास्त्र बघत. कर्करोगाचा सवयींशी असलेला संबंध ते शोधत होते. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथल्या कातडीला होणारा कर्करोग त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये नोंदवला. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झालेल्या एक बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, पुण्याच्या, हुजूरपागा शाळेच्या आणि फर्ग्युसन कॉलेजच्या. पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

हे गाय म्हणजे कोण? माणसाच्या पेशी बाटलीत कायमच्या वाढवायच्या या एका ध्यासाने त्यांनी आयुष्य घातलं. पेशींवरून द्रव हळूहळू फिरत राहावा म्हणून नळ्या गोल फिरवणारा पिंप त्यांनी बनवला. खाद्यात कोंबडीचं प्लाझ्मा, वासराच्या भ्रूणाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतल्या रक्ताचा सीरम. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या पेशी या खाद्यावर वाढल्या, त्या आजही जगभर वाढत आहेत. 'हेला' पेशी म्हणतात त्या याच. पण पेशी घेताना बाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या त्याच वर्षी वारल्या. पेशी देणाऱ्या माणसाला विचारायचं की नाही, हा प्रश्न तेव्हापासून या विज्ञानाला चिकटलेला आहे, आणि तो आज शेवटी आपल्याकडेही येणार आहे.

रणदिवेबाई हे शिक्षण घेऊन परत आल्या. परदेशात राहायचा मोह धरला नाही. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्राण्यांच्या आणि माणसाच्या पेशी वाढवणारी प्रयोगशाळा उभी केली. भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिथलं एक काम आपल्या विषयाच्या अगदी शेजारचं आहे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३ मध्ये पाहिला, पण तो कुठल्याच बशीत वाढत नव्हता. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रोग्याच्या कातडीतल्या गाठीमधून घेतलेले जंतू माणसाच्या भ्रूणातल्या मज्जापेशींच्या सोबतीने वाढवल्याचं जाहीर केलं. हे जंतू नेमके कुष्ठरोगाचेच का, यावर पुढे मोठा वाद झाला. खरा कुष्ठजंतू आजही कुठल्या कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. पण विचाराची दिशा बघा. जंतू नुसत्या खाद्यावर येत नाही ना, मग त्याला जिवंत पेशींची सोबत देऊन बघू. याच विचाराने पुढे कातडी वाढली. १९८२ मध्ये रणदिवेबाईंना पद्मभूषण मिळालं.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. कातडीचा तुकडा बशीत ठेवला की त्यात दोन जातींच्या पेशी असतात. एक बाह्यत्वचेच्या, त्यांना केराटिनोसाइट म्हणतात. दुसऱ्या खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट. साध्या मीडियममध्ये फायब्रोब्लास्ट तणासारख्या माजतात. आपल्याला हव्या त्या पेशी एकदा-दोनदा विभागतात, कठीण होतात आणि संपतात. तण उपटून टाकलं, म्हणजे फायब्रोब्लास्ट काढून टाकल्या, तर केराटिनोसाइटही मरतात. म्हणजे शेजारी असला तर गिळतो, नसला तर जगवत नाही.

यातून वाट काढली हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स राइनवॉल्ड यांनी, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत, १९७५ मध्ये. गंमत म्हणजे ते कातडीचा प्रश्न सोडवायला बसलेच नव्हते. उंदराच्या एका गाठीतल्या पेशी वाढवताना त्यांना कातडीसारखे पुंजके दिसले, आणि ते पुंजके फायब्रोब्लास्टच्या सोबतीतच वाढतात हे लक्षात आलं. ग्रीन यांच्याकडे 'थ्री-टी-थ्री' नावाच्या उंदराच्या पेशी आधीपासून होत्या. १९६२ मध्ये जॉर्ज टोडारो आणि त्यांनी त्या तयार केल्या होत्या. नावाचा अर्थ साधा आहे, दर ३ दिवसांनी नव्या बशीत ३ लाख पेशी. या पेशींना त्यांनी किरणोत्साराचा इतका डोस दिला की त्या जिवंत राहतील, पण विभागणार नाहीत. असा माजू न शकणारा शेजारी बशीच्या तळाशी पसरला आणि त्यावर माणसाच्या कातडीच्या पेशी सोडल्या. त्या वाढल्या. एकेका पेशीतून वसाहत झाली, वसाहती एकमेकींना भिडल्या, आणि बशीभर सलग पापुद्रा तयार झाला.

मग मीडियम सुधारत गेलं. वासराच्या भ्रूणाचा सीरम आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरुवातीपासून होतं. त्यात स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीत शोधलेला वाढ-घटक आला. त्या शोधासाठी कोहेन यांना १९८६ चं नोबेल विभागून मिळालं. आणि आणखी एक पदार्थ आला, तो ऐकून आम्हीही थबकलो होतो. कॉलऱ्याचं विष. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, की कॉलऱ्यात पाण्यासारखे जुलाब होतात ते जंतूने सोडलेल्या एका विषामुळे. हे विष पेशीतल्या एका निरोप्या रेणूचं प्रमाण वाढवतं. आतड्यात त्यामुळे पाणी वाहू लागतं, आणि बशीतल्या कातडीच्या पेशी त्याच निरोपामुळे अधिक काळ विभागत राहतात. डे यांना जिवंतपणी फारसा मान मिळाला नाही. पण कातडी वाढवण्याच्या त्या मूळ कृतीत त्यांनी शोधलेलं विष अगदी थेंबभर का होईना, आहे.

१९७९ पर्यंत ग्रीन यांना तीन-चार आठवड्यांत तुकड्याचं क्षेत्रफळ हजारो पटींनी वाढवता येऊ लागलं. डिस्पेस नावाच्या द्रव्याने पापुद्रा बशीपासून सोडवायचा आणि जाळीच्या तुकड्यावर चढवून जखमेवर ठेवायचा. १९८१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांवर हे पापुद्रे लावल्याचं प्रसिद्ध झालं. आणि खरी परीक्षा १९८३ च्या जुलैमध्ये आली. वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर गावी अंगाला लागलेला रंग पुसायला मुलांनी द्रावक वापरलं आणि भडका उडाला. ५ आणि ६ वर्षांचे दोन सख्खे भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले. त्यांना बॉस्टनला नेलं. न भाजलेल्या इवल्याशा भागातून तुकडे घेऊन प्रयोगशाळेत कातडी वाढवली आणि दोघांच्याही साधारण निम्म्या अंगावर लावली. दोघं वाचले. १९८४ मध्ये हा वृत्तांत छापून आला आणि जगभर गाजला.

पण मंडळी, या गोष्टीतला एक भाग सांगताना गाळला जातो. कातडी वाढायला आठवडे लागले. तोवर या मुलांचं उघडं अंग झाकलं कशाने? मृत माणसांनी दिलेल्या कातडीने. मेदावारने दाखवलं तसं ती कायमची राहत नाही, शरीर ती टाकून देतं. पण मोठ्या प्रमाणात भाजलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते, म्हणून ती काही आठवडे टिकते. तेवढ्या काळात पाणी राखलं जातं, जंतू अडतात, वेदना कमी होतात. प्रयोगशाळा कातडी देऊ शकते, तीन आठवडे देऊ शकत नाही. ते कुणीतरी मरताना देऊन गेलेला माणूस देतो.

प्रयोगशाळेत वाढलेल्या पापुद्र्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो फक्त बाह्यत्वचेचा असतो. त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत. खालचा जाड थर नसला तर तो नाजूक राहतो, फोड येतात, संसर्ग झाला तर वितळून जातो. आणि खर्च मोठा. म्हणून आजही जगात बहुतेक भाजलेल्या रुग्णांवर जुना, मांडीवरून काढलेला पापुद्राच लावला जातो.

आपल्याकडे काय झालं? पेशी वाढवण्याचं ज्ञान होतंच, रणदिवेबाईंच्या काळापासून. १९८० च्या दशकात पुण्याला प्राणिपेशींसाठी राष्ट्रीय सुविधा उभी राहिली, तीच आजची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था. देशभरातले संशोधक कातडीच्या पेशींची 'हॅकॅट' ही वाण तिथून मागवतात. पण वॉर्डातला डॉक्टर रोज वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत होता. आज आलेल्या गरीब रुग्णाची जखम आज झाकायची कशाने? मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरून बघितल्या आणि त्यावर लिहिलं. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून वापरलं. २००३ च्या त्यांच्या अभ्यासात ते बटाट्याच्या सालीइतकंच गुणकारी ठरलं, आणि स्वस्त. ऐकायला घरगुती वाटतं, पण त्यामागचा विचार पक्का आहे. जखमेला न चिकटणारं, ओल धरणारं, हाताशी असणारं काहीतरी हवं. अर्थात हे घरी करायचं नाही. घरी फक्त वाहतं साधं पाणी, स्वच्छ कापड आणि लगेच दवाखाना.

याच गोरेबाईंनी २००० साली सायन हॉस्पिटलात त्वचापेढी सुरू केली. पेढी म्हणजे दान केलेल्या कातडीची साठवण. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानात ठेवली की ती काही वर्षं टिकते. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला, त्यात त्वचा आली.

आता आम्ही तुमच्याकडे येतो. सगळ्या इतिहासातून आम्हाला एकच गोष्ट उचलावीशी वाटते. कातडी कधीच एकटी वाढली नाही. पुण्याच्या कारागिराने तिचा जोड तोडला नाही. कॅरेलने तिला दुसऱ्या जिवाचा अर्क दिला. परळला जंतूला पेशींची सोबत दिली गेली. ग्रीनने बशीत शेजारी बसवला. आणि ती तयार होईपर्यंत रुग्णाचं अंग एका अनोळखी माणसाने झाकलं. या साखळीतला शेवटचा दुवा प्रयोगशाळेत बनत नाही. तो घराघरात बनतो.

त्वचादान मृत्यूनंतर ६ तासांच्या आत व्हावं लागतं. रक्तगट जुळवावा लागत नाही. मांड्या, पाय आणि पाठ इथून फक्त वरचा पातळ थर घेतात. शरीर विद्रूप होत नाही, पट्टी बांधून देतात, आणि अंत्यविधी नेहमीसारखा होतो. एचआयव्ही, कावीळ, त्वचेचा कर्करोग असे आजार असतील तर कातडी घेत नाहीत. अडचण एकच आहे. ते ६ तास घरातल्यांच्या रडण्याचे असतात. त्या वेळी कुणाला काही सुचत नाही, आणि सुचलं तरी 'त्यांची इच्छा होती का?' यावर सगळं अडतं. हेन्रिएटा लॅक्सना कुणी विचारलं नाही. आपल्याला विचारलं जाणार आहे, पण उत्तर द्यायला तेव्हा आपण नसू. म्हणून ते आधीच सांगून ठेवायचं. जवळची त्वचापेढी कुठे आहे ते शोधून नंबर घरात लिहून ठेवायचा, आणि आज रात्री जेवताना हा विषय काढायचा. जेवताना कसले अभद्र विषय, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. अंबडच्या कुठल्या शेडमध्ये उद्या कुणावर काय वेळ येईल, हे आपल्याला माहीत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते आता घेऊ.